लहान लाउडस्पीकरची पारख

शहरांतील एखाद्या सुविद्य गृहस्थानें बैठकीच्या खोलींत गाणें ऐकण्याची चांगली व्यवस्था करावयाचें मनांत आणलें, म्हणजे पुढील प्रसंग बहुधा ठरलेला असतो. गृहस्थ दुकानांत जातात. बरोबर सौभाग्यवती व एखादा जाणता मेहुणा असतो. दुकानदार मंडळींना कांचेच्या दालनांत नेऊन बसवितो आणि एकामागून एक चार-पांच जोड्या वाजवून दाखवितो. त्यांतली एक जोडी मोठी झणझणीत वाजते. झांजेचा प्रत्येक ठोका वेगळा टिपतां येतो, तबल्याची चाट कानाला चटकन् लागते. शेजारची जोडी तिच्यापुढें मिळमिळीत भासते. पैसे मोजले जातात. घरीं पंधरा दिवस कौतुक चालतें, आणि मग कांहींतरी बिनसतें. पूर्वीं तासन् तास ऐकणारा माणूस वीस मिनिटांत यंत्र बंद करूं लागतो. गायिकेचा स्वर टोंचतो, ‘स’ आणि ‘श’ हीं अक्षरें शिट्टीसारखीं निघतात. दोष कशाचा हें त्यास उमगत नाहीं. तो ध्वनिमुद्रणाला नांवें ठेवतो, गायिकेच्या आवाजाला उतरती कळा लागली असें म्हणतो, नाहीं तर आपलेच कान थकले असें मानून गप्प बसतो. पैसे गेले हें त्यांतल्या त्यांत लहान नुकसान. घरांतलें गाणें बंद पडलें, हें मोठें.

येथें विचार करावयाचा आहे तो लहान लाउडस्पीकरचा, म्हणजे पुस्तकांच्या फडताळांत किंवा तिवईवर बसणाऱ्या, फूट-सव्वाफूट उंचीच्या पेट्यांचा. शहरांतील खोल्या लहान. त्यांत याच पेट्या शोभतात आणि, योग्य रीतीनें निवडल्या तर, मोठ्या पेट्यांपेक्षां पुष्कळदां बऱ्या वाजतात.

या पेट्यांचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगतां येतो. चुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें आणि त्या वेटोळ्याला जोडलेला कागदी शंकु, हें लाउडस्पीकरचें आजचें रूप १९२५ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या राइस व केलॉग या संशोधकांनीं सिद्ध केलें. खर्जाचे स्वर भरदार निघावेत तर पेटी कपाटाएवढी हवी, अशी त्यानंतर पुष्कळ वर्षें समजूत होती. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं ती मोडली. शंकूच्या मागची हवा लहान पेटींत घट्ट कोंडली, तर ती हवाच उत्तम स्प्रिंगसारखी काम करते, हें त्यांनीं आपल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या पेटीनें दाखवून दिलें. चार वर्षांनीं, १९५८ सालीं, स्टीरिओ ध्वनिमुद्रिका बाजारांत आल्या आणि घरांत एकाऐवजीं दोन पेट्या ठेवणें भाग पडलें. एक कपाट गृहिणी सहन करील. दोन कोण करणार? लहान पेटीचा खरा उत्कर्ष तेथून झाला.

परंतु लहान पेटी खरें बोलते कीं नाहीं, हा प्रश्न ज्या गांभीर्यानें एके ठिकाणीं सोडविला गेला, तसा क्वचितच कोठें सोडविला गेला असेल. तें ठिकाण म्हणजे इंग्लंडांतील सरे परगण्यांत किंग्जवुड वॉरन येथें त्या काळीं असलेला बी. बी. सी. चा संशोधन विभाग. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतली ही गोष्ट. बाहेरच्या सभागृहांतून किंवा क्रीडांगणावरून कार्यक्रम प्रक्षेपित करावयाचा असला, म्हणजे यंत्रज्ञ एका मोटारगाडींत बसून ध्वनीचा तोल संभाळीत असे. गाडींत मोठा लाउडस्पीकर मावेना, आणि कानाला लावावयाच्या फोनांनीं खरा अंदाज येईना. अशा वेळीं गाडींतल्या लहान पेटीनें निवेदकाच्या आवाजांत पदरचा घुमारा घातला, तर यंत्रज्ञ तो घुमारा कमी करण्याकरितां कळ फिरविणार; म्हणजे लाखों घरांत तोच आवाज पातळ व नाकांतला ऐकूं जाणार. पेटीचें एक खोटें असें देशभर पसरावयाचें.

विभागापाशीं योगायोगानें एक लहानसा लाउडस्पीकर तयार होता. नवा स्टुडिओ बांधण्यापूर्वीं त्याची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृति करून तींत ध्वनि कसा वागतो हें पाहण्याचे प्रयोग तेथें चालत, आणि त्या बाहुलीच्या घरासाठीं बाहुलीचा लाउडस्पीकर करावा लागला होता. त्याच्या आधारानें गाडीसाठीं जी पेटी निपजली तिचें नांव एल. एस. ३/५. पुढें तिच्यांतील ध्वनि उत्पन्न करणारे भाग पुरविणाऱ्या कारखान्याच्या मालांत फरक पडला, म्हणून विद्युत्-मंडल पुन्हां जुळवावें लागलें, आणि नांवापुढें ‘ए’ हें अक्षर आलें. हारवुड, व्हॉटन व मिल्स या तिघांच्या नांवांनीं तिचा अहवाल १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. घरीं गाणें ऐकणाऱ्या हौशी मंडळींसाठीं ही पेटी मुळींच नव्हती. तरी जगभरच्या हौशी मंडळींनीं ती घरांत आणून बसविली.

तिची रचना पाहण्याजोगी आहे. उंची सुमारें साडेतीस सेंटिमीटर, रुंदी एकोणीस, खोली सोळा. आंतली हवा फक्त पांच लिटरांच्या घरांत. केफ या कंपनीचे दोन भाग तींत बसविलेले होते. खालचा व मधला पट्टा सांभाळणारा ११० मिलिमीटरांचा शंकु कागदाचा नसून बेक्स्ट्रीन नांवाच्या प्लास्टिकचा होता. तारस्वरांसाठीं पाऊण इंचाचा घुमट. दोघांच्या कामाची वांटणी सेकंदास ३,००० कंपांच्या आसपास केलेली. घुमटाभोंवतीं जाड नमद्याच्या पट्ट्या चिकटविलेल्या होत्या. त्या शोभेच्या नव्हेत, पेटीच्या कडांवरून परतणारा ध्वनि गिळून टाकण्यासाठीं.

पेटीच्या भिंतींविषयीं मात्र थोडें थांबून सांगितलें पाहिजे, कारण आपल्याकडे माठ घ्यावा तसा लाउडस्पीकर बोटांनीं टकटक वाजवून घेण्याची चाल आहे. पेटी जितकी जड व दगडासारखी, तितकी चांगली, असें समजतात. बी. बी. सी. च्या संशोधकांनीं उलट केलें. बारा मिलिमीटरांची, म्हणजे बेताच्याच जाडीची बर्चच्या लाकडाची प्लायवुड घेतली आणि तिला आंतून डांबरी पत्र्यांचें अस्तर लावलें. प्रत्येक भिंत कोठल्या तरी स्वराला थरथरतेच. भिंत जाड व ताठर केली, तर ती थरथर वरच्या स्वरांत, म्हणजे मनुष्यवाणीच्या अगदीं मध्यभागीं जाऊन बसते आणि सहज शमत नाहीं. भिंत पातळ ठेवून तिला डांबराचें ओझें दिलें, तर थरथर खालीं उतरते, कानाला कमी जाणवते व लवकर विरते. बोटानें टकटक करून हें कांहींच कळत नाहीं. त्यासाठीं माणसाचें बोलणें ऐकावें लागतें.

आणि तेंच ते करीत. स्टुडिओंत ओळखीचा मनुष्य बोलावयास उभा करावयाचा, शेजारच्या खोलींत त्याचा आवाज लाउडस्पीकरांतून ऐकावयाचा, आणि लगेच दार उघडून त्याच माणसाला प्रत्यक्ष ऐकावयाचें. वाद्यवृंदाच्या गदारोळांत खपून जाणारा दोष साध्या बोलण्यांत उघडा पडतो, कारण मनुष्याचा कान दुसऱ्या कशापेक्षांहि मनुष्याच्या आवाजाला अधिक सरावलेला असतो. आई फोनवर ‘हॅलो’ म्हणतांच तिला बरें नाहीं हें मुलीला कळतें. त्याच कानाची ही परीक्षा आहे.

या पेटीचे गुण सांगितले तशा तिच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत, कारण त्या सर्वच लहान पेट्यांच्या मर्यादा आहेत. एक सप्तक खालीं उतरून तितकाच मोठा आवाज काढावयाचा, तर शंकूला चौपट अंतर पुढें-मागें हलावें लागतें. ११० मिलिमीटरांचा शंकु बिचारा किती हलणार? सेकंदास सत्तर-ऐंशीं कंपांच्या खालीं या पेटीचा आवाज झपाट्यानें ओसरतो. शिवाय ती फार वीज मागते: एक वॅट दिला असतां एक मीटर अंतरावर सुमारें ८२-८३ डेसिबेलच आवाज मिळतो. मोठ्या दिवाणखान्यांत दहा माणसांना वाद्यवृंद ऐकवावयाचा असला, तर तिच्या वाटेस जाऊं नये.

मग तंबोऱ्याचें काय, असा प्रश्न मराठी घरांत प्रथम निघेल, आणि तो योग्य आहे. पुरुष गवई काळी एकमध्यें गात असला, तर त्याचा षड्ज सुमारें १३९ कंपांचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे जवळजवळ ६९ कंपांची. पेटी जेथें दमते तेथेंच ही तार बोलते. असें असूनहि चांगल्या लहान पेटीवर तंबोरा भरलेला ऐकूं येतो, याचें कारण तंबोऱ्याच्या स्वभावांत आहे. जवारी लावलेल्या घोडीमुळें तारेच्या मूळ स्वरापेक्षां तिचे वरचे उपस्वर अधिक तेजस्वी होऊन उठतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं कलकत्त्यास असतां, १९२१ च्या सुमारास, आपल्या तंतुवाद्यांचा हाच विशेष अभ्यासिला होता; त्याआधीं एक वर्ष, १९२० सालीं, मृदंग-तबल्याच्या शाईमुळें त्या चामड्याचे उपस्वर सुरेल होतात याविषयीं शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनीं ‘नेचर’ पत्रांत लिहिलें. उपस्वरांची रांग शुद्ध व पुरी मिळाली, म्हणजे मूळ स्वर क्षीण असला तरी कान तो मनांतल्या मनांत उभा करतो. तेव्हां मिरजेचा उत्तम जुळविलेला तंबोरा लहान पेटीची फजिती करीत नाहीं. उलट ती खरी आहे कीं नाहीं हें सांगतो. उपस्वर ज्या क्रमानें उमलतात व विरतात, तो क्रम बिघडविणारी पेटी तंबोऱ्याला पत्र्याच्या डब्यासारखा करून सोडते. डग्ग्याचा घुमारा मात्र वेगळी गोष्ट. हातानें दाबून ओढलेली मींड लहान पेटीवर कळते, पण तिचें वजन छातीवर जाणवत नाहीं. ज्यास तें हवें त्यानें पेटी मोठी घ्यावी, किंवा पुढें सांगितला आहे तो उपाय करावा.

आतां प्रत्यक्ष पारखण्याकडे वळूं. पहिला शत्रु डोळे. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या दोघांनीं १९९४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस श्रोत्यांना तेच चार लाउडस्पीकर एकदां पडद्याआडून व एकदां उघड दाखवून ऐकविले. उघड दाखवितांच मोठ्या व महागड्या दिसणाऱ्या पेट्यांचे गुण वाढले, लहान व स्वस्त दिसणाऱ्या पेटीचे उतरले. कान तेच, संगीत तेंच. ज्यांचा हा धंदा होता त्या माणसांची ही स्थिति. मग मेहुण्याचें काय विचारावें? दुकानांत पडदा मिळत नाहीं, परंतु डोळे मिटून बसतां येतें, आणि कोणती जोडी चालू आहे हें सांगूं नका असें दुकानदारास सांगतांहि येतें. किंमत शेवटीं विचारावी.

दुसरा शत्रु मोठेपणा. दोन जोड्यांत एक किंचित् जरी मोठी वाजली, तरी ती ‘अधिक स्पष्ट’ वाटते; मोठी वाटत नाहीं, स्पष्ट वाटते, हीच मेख आहे. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच दाखविलें, कीं आवाज लहान होऊं लागला म्हणजे कानाला खर्ज सर्वांत आधीं कमी पडूं लागतो. तेव्हां कळ एकाच खुणेवर ठेवून जोड्या बदलणें ही तुलनाच नव्हे, कारण सर्व पेट्या तितक्याच विजेवर सारख्या वाजत नाहींत. आजकाल प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनांत आवाज मोजण्याची सोय असते. ती शास्त्रशुद्ध नसली तरी दोन जोड्या एकमेकींशीं समतोल करण्यास पुरते. बसावयाच्या जागीं फोन धरून दोन्ही जोड्यांचा आंकडा जुळवावा व मगच ऐकावें. ज्या दुकानदारास याचा कंटाळा येतो, त्याच्या दुकानांतून निघावें.

काय ऐकावें? दुकानदाराचें ध्वनिमुद्रण ऐकूं नये. तें त्याच्या मालाला साजेसें निवडलेलें असतें. घरांत शंभर वेळां ऐकलेलें न्यावें. त्यांत एक बोलण्याचें असावें, एक पुरुषाच्या व एक स्त्रीच्या गाण्याचें, एक नुसत्या तंबोऱ्यानें आरंभ होणारें, आणि एक जुनें, स्टीरिओपूर्व काळांतलें. हें शेवटचें ऐकून दुकानांत हंसतील, पण त्याचा उपयोग मोठा आहे. जुन्या नाट्यगीताचें एकाच मार्गाचें ध्वनिमुद्रण दोन्ही पेट्यांतून लावलें, तर गवई दोहोंच्या बरोबर मध्यें, कवडीइतक्या जागेंत उभा राहिला पाहिजे. तो ऐसपैस पसरला, किंवा वरच्या स्वरांना डावीकडे व खालच्या स्वरांना उजवीकडे सरकला, तर त्या दोन पेट्या खऱ्या जुळ्या नव्हेत. बी. बी. सी. च्या पेटींत हें जुळणें साधण्यासाठीं तारस्वराच्या घुमटाचा जोर कमी-अधिक करण्याची सोय विद्युत्-मंडलांतच ठेविली होती, आणि अनेक कंपन्या परवान्यानें ती पेटी करीत असतांहि प्रत्येक पेटी मूळ नमुन्याशीं ताडून पाहावयाची होती.

एक पेटी बंद करून दुसरी एकटीच ऐकणें, हीहि रीत चांगली. टूल यांच्या प्रयोगांत असेंच आढळलें, कीं एकट्या पेटीचे दोष श्रोत्यांना जोडीपेक्षां लवकर कळतात. जोडी चालू झाली कीं देखावा मन वेधून घेतो आणि खोट झांकली जाते.

तरीहि दुकानांतली परीक्षा अर्धीच. मिनिटाच्या तुलनेनें फरक कळतो, पण थकवा कळत नाहीं, आणि आरंभीं सांगितलेल्या गृहस्थाला दगा दिला तो थकव्यानें. म्हणून शक्य असेल तेथें अनामत ठेवून दोन जोड्या आठवडाभर घरीं आणाव्यात. रात्रीं जेवणें झाल्यावर लहान आवाजांत कोणती जोडी चालू ठेवावीशी वाटते, शेजारच्या खोलींत वाचीत बसलेला मनुष्य कोणती ऐकून उठून येतो, आणि कोणती चालू असतां घरांतलीं माणसें नकळत मोठ्यानें बोलूं लागतात, हें पाहावें.

घरीं आणल्याचा दुसरा लाभ असा, कीं जी खोली कायमची, तिच्यांतच परीक्षा होते. सेकंदास दोनशें-तीनशें कंपांच्या खालीं पेटीपेक्षां खोलीच अधिक वाजते, असें म्हटलें तरी चालेल. चार मीटर तीस सेंटिमीटर लांबीच्या खोलींत ४० कंपांचा स्वर दोन भिंतींमध्यें बरोबर उभा राहतो. भिंतीलगत तो फुगतो, मध्यभागीं जवळजवळ नाहींसा होतो. त्याच्या दुपटीच्या व तिपटीच्या स्वरांचीं अशींच स्वतंत्र ठाणीं असतात. म्हणून बैठक खोलीच्या ऐन मध्यावरहि नको आणि मागच्या भिंतीला टेकूनहि नको. पेटीचेंहि तसेंच. मागें भिंत आली कीं खर्जाला सहा डेसिबेलपर्यंत जोर चढतो. कोपऱ्यांत दोन भिंती व जमीन मिळून डग्ग्याचा ढोल होतो. कित्येक घरांत नवी जोडी विकत घेण्याचा बेत जुनी जोडी कोपऱ्यांतून हातभर पुढें ओढतांच रद्द झाला असता.

पेटी खरोखरीच फडताळांत ठेवावयाची असेल, तर तिचें तोंड पुस्तकांच्या पुठ्ठ्यांच्या रेषेंत यावें, बाजूची मोकळी जागा पुस्तकांनीं भरावी, आणि तारस्वराचा घुमट बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावा. कपाटाच्या माथ्यावर ठेवलेल्या पेट्या फक्त छताला गाणें ऐकवितात. ज्या पेटीच्या पाठीस हवेचें छिद्र असतें ती फडताळांत कोंडूं नये.

पूर्वींच्या घरांत शहाबादी फरशीवर सतरंजी असे, भिंतीला गाद्या-लोड असत, खुंट्यांना कपडे असत. आजच्या सदनिकेंत गुळगुळीत लाद्या, कांचेचीं तावदानें व मोकळ्या भिंती. टाळी वाजविली कीं पत्र्यावर चेंडू आपटल्यासारखा नाद येतो. अशा खोलींत कितीहि चांगली पेटी कर्कशच वाजणार. पेट्या व बैठक यांच्यामध्यें जाड सतरंजी घालावी. बाजूच्या भिंतीवर कोणी आरसा सरकवीत न्यावा, आणि बैठकींतून ज्या जागीं आरशांत पेटी दिसेल, तेथें पुस्तकांचें कपाट किंवा जाड पडदा येईल असें करावें. यास लागणारा खर्च नव्या जोडीच्या मानानें कांहींच नाहीं.

आतां सुधारणेची गोष्ट. जुनी जोडी घरांत असतां मंडळी प्रथम तारेच्या मागें लागतात, कारण तार बदलणें सोपें व बोलण्यास विषय मिळतो. तांब्याची पांच मीटर लांब तार जाण्यायेण्याची मिळून दहा मीटर होते. तिचा छेद अडीच चौरस मिलिमीटर असला, तर तिचा एकंदर विरोध ओहमच्या चौदाव्या हिश्शाइतका; आठ ओहमच्या पेटीपुढें तो नगण्य आहे. दिव्याच्या बारीक अर्ध्या मिलिमीटरच्या तारेंत तोच पांचपट, म्हणून ती नको. याहून अधिक पैसे तारेंत घालणें हें दागिन्यांच्या सदरांत पडतें. अँप्लिफायरचा हिशेबहि असाच रोखठोक आहे. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीन डेसिबेलच चढतो. चाळीस वॅटांचा टाकून साठ वॅटांचा आणणाऱ्यास फरक ऐकूं येण्याची आशा थोडी.

खरी दुरुस्ती कोठें लागते? पुष्कळ जुन्या पेट्यांच्या शंकूभोंवतालची कड फोमची असते. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत तो फोम दहा-वीस वर्षांत कुजून भुसा होतो, आणि मग डग्गा फाटका वाजतो. ती कड नवी लावून मिळते. सर्व पेटी टाकण्याचें कारण नाहीं. रबरी कड असेल तर ती पुष्कळ अधिक टिकते. विद्युत्-मंडलांतील इलेक्ट्रोलिटिक जातीचे कपॅसिटरहि वयानें उतरतात. ते बदलावेत, पण त्याच मापाचे व दोन्ही पेट्यांत एकदमच. येथें हौशी कारागिराचा हात शिवशिवतो: अधिक ‘उंची’ माल घालावा, घुमट नवा बसवावा, नमदा काढून टाकावा, असें त्यास वाटतें. एल. एस. ३/५ ए च्या कित्येक जोड्या अशा रीतीनें ‘सुधारून’ नासविलेल्या आहेत. ज्या पेटींत शंकु, घुमट, मंडल व भिंत हीं चारी एकमेकांच्या खोडी जाणून जुळविलेलीं असतात, तींत एकच बदलणें म्हणजे चौघांच्या भजनांतला एक भिडू काढून तेथें दुसऱ्या पट्टींत गाणारा बसविणें. खुद्द मूळ संस्थेसहि शंकूच्या मालांत फरक पडूं लागला, तेव्हां १९८७-८८ च्या सुमारास सर्व मंडल नव्यानें आंखावें लागलें, आणि पेटीचा विरोध १५ ओहमवरून ११ ओहमवर आला. केफनें ते भाग करणें १९९८ च्या सुमारास थांबविल्यावर जुन्या जोड्यांना भारी किंमत आली. पुढें, ज्या माल्कम जोन्स यांनीं केफमध्यें मूळ शंकु व घुमट आंखले होते, त्यांनींच स्थापिलेल्या फाल्कन कंपनीनें ते जुन्या नमुन्याबरहुकूम पुन्हां घडविले, तेव्हां खटपट्या लोकांना थोडा आधार मिळाला.

डग्ग्याचें वजन ज्यास हवें त्यानें लहान जोडी न मोडतां खर्जासाठीं तिसरी पेटी, म्हणजे सबवूफर, जोडावी. ती सेकंदास ८० कंपांच्या खालचें तेवढेंच काम करील अशी लावावी. तिची जागा ठरविण्याची युक्ति मजेदार आहे: ती पेटी क्षणभर बैठकीच्या जागीं ठेवून डग्गा वाजत ठेवावा, आणि आपण भिंतीच्या कडेकडेनें रांगत जावें, जेथें घुमारा सारखा व मोकळा ऐकूं येईल, तेथें मग पेटी ठेवावी. पाहुणे नसतां करावयाचा हा प्रयोग आहे. जोर इतकाच असावा, कीं ती बंद केल्यावर उणीव भासावी व चालू असतां तिची आठवण होऊं नये. गायकाचा आवाज तिच्यांतून मुळींच ऐकूं येतां कामा नये. आल्यास विभागणीचा आंकडा खालीं आणावा.

राहिली ती घरच्या घरीं करतां येण्याजोगी आवाजाची परीक्षा. बी. बी. सी. चा स्टुडिओ कोणापाशीं नाहीं. पण गच्ची असते. घरांतल्या एखाद्या माणसाला सकाळच्या शांत वेळीं गच्चीवर उभें करावें, म्हणजे भिंतींचा नाद मिसळत नाहीं. वर्तमानपत्रांतला एखादा मजकूर त्यास नेहमींच्या आवाजांत वाचावयास सांगावा, व हातभर अंतरावरून चांगल्या ध्वनिमुद्रण-यंत्रानें तो टिपावा. फोन नको, तो बोलणें आपल्या सोयीनें साफसूफ करतो. मग बैठकीच्या खोलींत पडदा ओढून त्यामागें पेटी ठेवावी, व तिच्या शेजारीं त्याच माणसाला उभें करावें. एक वाक्य माणसानें वाचावें, पुढचें पेटीनें. आवाजाचा मोठेपणा दोघांचा सारखा असावा. घरांतील लहान मुलें याचे उत्तम परीक्षक. तीं ताबडतोब सांगतात, कीं आतां बाबा आणि आतां डबा. ज्या पेटीपाशीं मुलें घुटमळतात व दोनदां चुकतात, ती पेटी घरांत ठेवावी.

ज्या घरांत गेलेल्या आजीच्या ओव्या किंवा आजोबांचें बोलणें एखाद्या जुन्या ध्वनिफितीवर जपून ठेविलेलें आहे, तेथें हीच परीक्षा पुढें कामास येते. प्रथम जिवंत माणसाच्या आवाजावर पेटीची खातरी करून घ्यावी, आणि मग ती ध्वनिफीत लावावी. त्या आवाजाला शेजारीं उभें राहून ताळा देणारें कोणी उरलेलें नसतें.